विहिणीची खुर्ची आणि धरणाचा मासा

पुण्याहून परत आल्यापासून वेंगुर्ल्यात जो भेटेल तो एकच विचारतो, "काय काय बघितलंस?" सारसबाग मी बघितली नाही. शनिवारवाडा रिक्षातून दिसला, पण तो वाडा होता की दुसरीच कुठली भिंत, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. धायरीतून सिंहगड स्वच्छ दिसतो म्हणतात. मी धायरीला गेले, पण माझं लक्ष गडाकडे नव्हतं. पुण्यात होते तेवढे दिवस मी एक मुलगी आणि एक मासा बघत होते. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. तेव्हा मला हसू आलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेवती माझी एकुलती एक मुलगी. आठवीपासून वसतिगृहात वाढली, शिकून हिंजवडीत नोकरीला लागली आणि तिथेच तिला अमोल भेटला. अमोलचं घर धायरीचं, मूळचं शेतकऱ्याचं. शेतं गेली, इमारती आल्या, पण घराभोवतीचं अंगण आणि म्हशीचा गोठा त्यांनी राखला आहे. लग्न ठरवायला ती मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा अमोलची आत्या हौसाआक्का हिने रेवतीला विचारलं, "मासं करता येतं का?" रेवतीने तोंड उघडायच्या आधीच आमच्या भाऊजींनी आगाऊपणा केला. म्हणाले, "हिच्या हातचा मासा खाल तर मटण विसराल." रेवतीने मान डोलावली. तिने आयुष्यात कोळंबीसुद्धा सोललेली नव्हती. सगळे हसले, आणि ते बोलणं तिथेच संपलं असं मला वाटलं.

ते संपलं नव्हतं. हौसाआक्कांना हे लग्न मुळातच पसंत नव्हतं. त्यांच्या नात्यातली एक मुलगी अमोलसाठी त्यांनी मनात धरली होती. लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता निघून गेल्या. त्या घरात एरवी त्यांचा शब्द खाली पडत नाही. आमच्या विहीणबाईंनी कोकणातली मुलगी आणली ती या नणंदेशी वाकडं घेऊन, आणि सहा महिने झाले तरी दोघींचं बोलणं तुटक होतं. एका बुधवारी रेवतीचा फोन आला.

"आई, आक्का येतायत रविवारी. म्हणाल्या, कोकणच्या सुनेच्या हातचं मासं खायला येते. अंगणात, सगळ्यांसमोर करायचाय." मग ती आमच्या बोलीत म्हणाली, "माका काय्येक येणा नाय गे." रेवती मालवणीत बोलायला लागली की ती घाबरली आहे असं मी समजते.

"तुका मान हलवक कोणी सांगलला?" मी म्हटलं.

"ओरडू नको. मासा बिघडला तर माझं सोड, सासूबाईंची मान खाली जाईल. माझ्यासाठी भांडल्या त्या. आता आक्का उठून गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत."

मी दुसऱ्या दिवसाची गाडी धरली. बर्फ घातलेल्या खोक्यात बांगडे घेऊन स्टँडवर गेले, तर गाडीच्या क्लिनरने खोक्याचा वास घेतला आणि म्हणाला, "काकू, एक तर तुम्ही चढा, नाही तर ते चढू दे." बांगडे शेजारणीच्या पदरात गेले. माझ्या पिशवीत उरलं ते नारळ, सोलं म्हणजे आमसुलं, आगळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची, बाटली आणि माशाला लागणाऱ्या तिरफळांची पुडी. पुडी माझ्या सासूबाईंनी बांधून दिली होती, आणि देताना बजावलंही होतं, "पोर होयसर तिच्या घराक घास घेव नको. पाणीसुदा नको."

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी तिच्या आईने जेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. खूप घरांनी ती सोडली, आमच्या सासूबाईंनी नाही. माझी स्वतःची आई एकदा माझ्याकडे आली होती, रेवतीच्या जन्माआधी. चुलीवर माझ्या हातचं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण होतं. आईने वास घेतला, "बरा दिसता हां," म्हणाली आणि उपाशीपोटी सहा मैल चालत परत गेली. रेवती पोटात असताना आई वारली. माझ्या हातचं तिने कधी खाल्लंच नाही. रीत मी पाळते, पण ती मला आवडते असं कोणी समजू नये.

बिबवेवाडी

या रितीमुळेच मी धायरीला न उतरता बिबवेवाडीत कुंदाकडे उतरले. कुंदा माझी मावसबहीण, नवरा गेल्यापासून दोन खोल्यांत भाड्याने राहते. आमच्याकडे घरासमोर घर असलं तरी मध्ये एखादं माडाचं झाड असतं. इथे कुंदाच्या खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या कुंडीतली तुळस खुडता येईल. पहाटेच लोखंडी कपाटं बनवणाऱ्याचं ठोकणं सुरू होतं, आणि त्याच्या तालावर कुंदा पोळ्या लाटते.

मी पोचले त्या दिवशी गुरुवार. कुंदाकडे गुरुवारी मासा नाही. शनिवारी मारुती, त्या दिवशीही नाही. म्हणजे शिकवायला एक शुक्रवार उरला. त्यातही कुंदा म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळीच. घरमालकीण वरच्या मजल्यावर असते, तिला कांदासुद्धा चालत नाही. दर शुक्रवारी ती कीर्तनाला जाते. ती गेली की मी गॅसवर बांगडा टाकते आणि ती यायच्या आत उदबत्त्या लावते. सहा वर्षं चाललंय."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी मासळीबाजारात गेलो. आमच्याकडे बंदरावर कोळीण स्वतः मासा उचलून डोळ्यांपुढे नाचवते. इथे मी एका बांगड्याला बोट लावलं, तर विकणारी बाई वर न बघता म्हणाली, "दाबून पिकणार नाही तो."

"कल्ले बघू का उघडून?" मी विचारलं.

"बघा की. वेळ आहे तुम्हाला." मग तिने माझ्याकडे बघितलं. "समुद्राकडच्या दिसता. ताई, समुद्र इथून लांब आहे. ज्यांचे डोळे वर आलेत ते घ्या, बाकीच्यांची चौकशी करू नका."

सल्ला चोख होता. डोळे वर आलेले चार बांगडे मिळाले, कल्ले पुरते लाल नव्हते पण काळेही पडले नव्हते. घरी आणून साफ केले, मीठ लावून ठेवले, वाटण वाटलं आणि रेवतीची वाट बघत बसले. घरमालकीण पायऱ्या उतरून गेली. कुंदाने घड्याळाकडे बघितलं. रेवतीचा फोन आला, कंपनीची बस हिंजवडीच्या चौकातून हललीच नव्हती. पुन्हा फोन आला, बस वाकडला होती. मी मनातल्या मनात त्या सगळ्या मोटारवाल्यांना आमच्याकडच्या खास शिव्या दिल्या. रेवती दारात आली तेव्हा कीर्तन अर्ध्यावर आलं असणार.

तिने बॅग टाकली आणि फोन पुढे केला. "मी दहा व्हिडिओ बघितलेत. एक म्हणतो आधी मॅरिनेट करा, दुसरी म्हणते कांदा परतून घ्या, एकाने तर दही घातलंय. तू नक्की प्रोसेस सांग. किती मिनिटं, किती चमचे?"

"तो फोन आधी पिशवीत ठेव," मी म्हटलं. "आणि मासा हातात घे."

तिने दोन बोटांनी शेपटी धरली. मी तिचा अख्खा पंजा बांगड्यावर ठेवला आणि वर माझा दाबला. माशाला भिणाऱ्या माणसाला मासा करता येत नाही, हे मला तिच्या आवाजावरून फोनवरच कळलं होतं. मग एकेक सांगत गेले. ओलं खोबरं, लाल मिरची, धणे, हळद यांचं वाटण पाण्यात सोड. सोलं घाल, तिरफळं ठेचून घाल, मीठ घाल. रस्सा आधी उकळून घे. मासा शेवटी. एकदा मासा आत गेला की भांड्यात पळी घालायची नाही.

"मग खाली लागला तर?"

"फडक्याने भांडं दोन्हीकडून धर आणि भांडंच गोल फिरव. पळी घातलीस की मासा मोडला."

"आणि झाला कधी म्हणायचं? मिनिटं सांग ना."

"मिनिटं मला ठाऊक नाहीत. त्याच्या डोळ्याकडे बघ. कच्च्या माशाचा डोळा काचेसारखा असतो. तो पांढरा झाला की मासा झाला. त्यानंतर विस्तवावर ठेवलास तर त्याचा चोथा होतो."

रस्सा उकळला. तिने बांगडे सोडले, आणि लगेच तिचा हात सवयीने पळीकडे गेला. मी हातावर चापट मारली. ती वाकून डोळ्याकडे बघत राहिली, चेहरा एवढा जवळ की मला तिची वेणी धरावी लागली. "झाला," ती म्हणाली आणि मी सांगायच्या आत गॅस बंद केला. चार बांगड्यांपैकी एक मोडला होता, तीन सबंध होते. मी खाऊन बघितलं. तिखट जरा जास्त, पण मासा बरोबर शिजला होता.

तेवढ्यात दार वाजलं. कुंदाचा चेहरा पडला. उदबत्त्या अजून पुड्यातच होत्या. दारात घरमालकीण उभ्या, हातात प्रसादाची वाटी.

"कुंदाताई, पाहुण्या आल्यात वाटतं," त्या म्हणाल्या. "खिडकी उघडा, गुदमरतील त्या."

"अहो, ते जरा..." कुंदाने उदबत्त्यांचा पुडा पाठीमागे लपवला.

"दर शुक्रवारी मी कीर्तनाला का जाते असं वाटतं तुम्हाला? बुवा भसाडे आहेत." वाटी कुंदाच्या हातात देऊन त्या वर गेल्या. एवढ्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि रेवती तर जमिनीवर बसून हसत राहिली. मला वाटलं, आता रविवारचं अवघड नाही. बांगडे किंवा सुरमई मी सकाळी बाजारातून बघून द्यायची आणि तिने हेच पुन्हा करायचं, असं आमचं ठरलं.

धायरी

रविवारी सकाळी अमोल मला न्यायला आला तो रिकाम्या हातानेच. "बाजारात जायची गरज नाही आई. तात्यांनी मासा आणलाय," तो म्हणाला. तात्या म्हणजे त्याचे वडील. वाटेत मी त्याला दोनदा विचारलं, कुठला मासा. त्याला मोठा एवढंच माहीत होतं.

अंगणात निंबाच्या झाडाखाली परातीत तो मासा होता. माझ्या हाताएवढा लांब, रुपयाएवढे खवले, ओठ जाड, पाठ काळपट. खडकवासल्याच्या धरणातला कटला. तात्या मिशीवर हात फिरवत उभे होते.

"विहीणबाई, बघा. तुमचा समुद्राचा मासा हितं येईस्तवर शिळा. ह्यो पहाटं पाण्यात व्हता. वळखीच्या माणसाकडनं सांगून आणलाय."

एवढ्या प्रेमाने आणलेल्या वस्तूला काय म्हणणार. "छान आहे," मी म्हटलं. खरं म्हणजे गोड्या पाण्यातला मासा मी जन्मात केला नव्हता, खाल्लाही एकदाच होता. त्याला गाळाचा वास येतो एवढं माहीत होतं, आणि त्याच्या मांसात मधेच बारीक दुफाटी काटे असतात हेही. बांगड्याचा काटा सरळ माणसासारखा असतो, कुठे आहे ते कळतं. रेवती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली, पण कशासाठी हलवली ते मलाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्याकडे मटण-मासा स्वयंपाकघरात होत नाही. अंगणात तीन दगडांची वेगळी चूल, त्याची वेगळी भांडी, आणि देव आतल्या खोलीत. आमच्याकडे मासा चुलीवर आणि देव शेजारच्या कोनाड्यात, दोघांचं कधी भांडण झालेलं नाही. मी पदर खोचून चुलीकडे निघाले, तर विहीणबाईंनी माझा हात धरला आणि अंगणाच्या कडेला ठेवलेल्या खुर्चीवर मला बसवलं.

"तुम्ही हात लावायचा न्हाय. मुलीची आई हाय तुम्ही, आमच्यात विहिणीला काम सांगत न्हाईत."

"मी नुसती जवळ बसते."

"असू द्या की खुर्चीत," बाजेवरून आवाज आला. हौसाआक्का बसल्या होत्या. पांढरं लुगडं, ताठ पाठ, हातात अडकित्ता. "आईनं करून द्यायचं आन् लेकीचं नाव व्हायचं, असलं आपल्याला नको."

मी खुर्चीवर बसले. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि तो नेमका मिळू नये तेव्हा मिळाला. चूल माझ्यापासून पंधरा पावलांवर होती. तिथून भांड्यात काय चाललंय ते दिसणार नव्हतं आणि मोठ्याने काही सांगायची सोय नव्हती.

तात्यांनी मासा कापून जाड तुकड्या केल्या. डोकं बाजूला काढून त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. रेवती पुढे झाली. "तात्या, डोकं टाकू नका. मला पाहिजे."

मग ती परातीपुढे बसली. तुकडी उचलून तिने वास घेतला. गोठ्यातली म्हैस शेपटी आपटत होती. रेवतीने आगळाची बाटली उघडली, तुकड्यांना मीठ, हळद आणि आगळ चोळलं, दोन्ही हातांनी, दाबून. हे मी शिकवलं नव्हतं. आंबटाने वास जाईल हे तिचं तिने ताडलं असावं. शुक्रवारी शेपटी दोन बोटांनी धरणारी हीच का, असा मला प्रश्न पडला.

"कटल्याला आगळ लावत्यात व्हय?" आक्कांनी विचारलं.

"माहीत नाही आत्या," रेवती म्हणाली. "मी हा मासा कधी केलेला नाही."

आक्कांचा अडकित्ता थांबला. "मंग कुठला केलायस?"

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. भाऊजींचं ते वाक्य, रेवतीची ती मान, विहीणबाईंनी त्यावर ठेवलेला विश्वास, सगळं आता उघडं पडणार होतं. रेवतीला सुरमई म्हणता आलं असतं, पापलेट म्हणता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं.

"एकच," ती म्हणाली. "बांगडा. परवाच. आईकडून शिकले. तेव्हा तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं, पण तेव्हा मला काहीच येत नव्हतं."

विहीणबाई चुलीत काटक्या घालत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, नणंदेकडेही नाही. अमोल उठून उभा राहिला आणि कशासाठी उठलो ते न कळून परत बसला. मला वाटलं, झालं. आता आक्का चपला घालतील.

आक्कांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मंग आता दुसरा कर," त्या म्हणाल्या.

राग होता की काय होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. रेवतीने पातेलं चुलीवर ठेवलं. वाटण पडलं, सोलं पडली, तिरफळांचा वास माझ्या खुर्चीपर्यंत आला. रस्सा उकळला तशा तिने तुकड्या सोडल्या आणि शेवटी ते डोकं, डोळा वर करून. ती गुडघ्यांवर बसून त्या डोळ्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्या पाठीकडे.

तेवढ्यात दारात कोणी शेजारी आले आणि तात्यांनी रेवतीला पाया पडायला हाक मारली. ती उठली. विहीणबाई चुलीशी एकट्या राहिल्या. त्यांनी पातेल्यात बघितलं, म्हणाल्या, "लागंल खाली," आणि पळी उचलली. मटणाचा रस्सा ढवळणारी ती लांब दांड्याची, जड पळी. वाईट हेतू मुळीच नव्हता. मटण तळापासून ढवळावंच लागतं, तेच त्यांच्या हाताला माहीत. मी अर्धी उठले. आक्का माझ्याकडे बघत होत्या. मी बोलले असते तर आईनं करून दिलं असं झालं असतं. नसते बोलले तर कटल्याचा लगदा झाला असता.

"आई, हलवू नका," रेवती दारातूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. सासूला, नणंदेदेखत, पाहुण्यांदेखत. ती भराभर आली, सासूच्या हातून पळी हळूच काढून घेतली, पदराने पातेलं दोन्हीकडून धरलं आणि विस्तवावरच गोल फिरवलं. "असं. भांडं हलवायचं, मासा नाही."

विहीणबाईंनी पातेल्यात वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "हां. कुणी सांगितलंच न्हाय कधी." आणि स्वतः बाजूला झाल्या. त्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं.

रेवती पुन्हा वाकली. मग तिने पातेलं खाली उतरवलं.

"एवढ्यात?" आक्का बाजेवरून उतरल्या. "दोन उकळ्या न्हाई झाल्या. आमचं मटान घंटाभर शिजतंय. कच्चं खायला घालतीस का?"

"डोळा पांढरा झालाय आत्या. बघा. त्यासाठीच डोकं ठेवलं होतं."

आक्कांनी वाकून बघितलं. डोळा शिजलेल्या भाताच्या शितासारखा पांढरा झाला होता, असं रेवतीने मला नंतर सांगितलं. आक्का परत बाजेवर जाऊन बसल्या.

पानं मांडली गेली. बाजरीच्या भाकऱ्या, कांदा, रस्सा, प्रत्येकाच्या ताटात एक तुकडी. आणि कोणी हात लावेना. अमोलच्या चुलत्याच्या घशात एकदा काटा अडकून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, तेव्हापासून त्या घरात मासा शिजलेला नव्हता, हे मला त्या क्षणी अमोलने कानात सांगितलं. त्यात आता कच्चेपणाची शंका. तात्यासुद्धा भाकरी मोडून नुसती रस्स्याला लावत होते.

"आमास्नी काट्याचं भ्या वाटतंय," आक्का म्हणाल्या. "आदी कोकणवाल्यांनी खाऊन दावा. विहीणबाई, घ्या."

"आक्का, त्या खात न्हाईत आपल्यात," विहीणबाई घाईने म्हणाल्या. "त्यांची रीत हाय. मूल होईस्तवर पाणी पण घेत न्हाईत."

"व्हय का?" आक्कांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "म्हंजी तुमीबी न जेवताच जाता."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं की काय कोण जाणे, मला ते बरोबर लागलं. लग्नात त्या न जेवता गेल्या तेव्हा मी त्यांना मनात काय काय म्हटलं होतं. रेवती ताट हातात घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिला रीत माहीत होती. मी खाल्लं नाही तर सगळे एवढंच समजणार होते, की पोरीच्या हातचं तिची आईसुद्धा खात नाही. मला माझी आई आठवली, आमच्या दारात, कालवणाचा वास घेणारी.

मी ताट घेतलं आणि खुर्चीवरून उठून खाली पंगतीत बसले.

तुकडी बोटांनी उघडली. मांस पाकळ्यापाकळ्यांनी सुटलं, मधल्या काट्याजवळ सुद्धा लाल नव्हतं. घास घेण्याआधी तो अंगठ्याने चाचपला, दोन दुफाटी काटे काढले आणि ताटाच्या कडेला ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. मग खाल्लं. गाळाचा वास नव्हता. आंबट होतं, तिरफळ बरोबर होतं. मीठ थोडं कमी होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते मिरचीवर ढकललं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "अजून एक तुकडी वाढा."

तात्यांनी पहिला घास घेतला. मग अमोलने. आक्कांनी माझ्याकडे बघून तसाच घास चाचपला, एक काटा काढला, तो उजेडात धरून बघितला आणि खाल्लं. बराच वेळ चावत होत्या. रेवतीच्या हातातली भाकरी मोडून तिच्याच बोटांत राहिली होती.

"मीठ कमी हाय," आक्का म्हणाल्या.

रेवतीने चुलीजवळच्या मिठाच्या डब्याकडे बघितलं.

"वाढ की अजून. बघत काय उभी राहिलीस." त्यांनी ताट पुढे केलं, आणि मग विहीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "तू पण बस आता. ती वाढंल." गेल्या सहा महिन्यांत नणंद भावजयीशी एवढं सरळ बोलली नव्हती, असं अमोल मला नंतर म्हणाला. त्या दिवशी आक्का पोटभर जेवल्या. जाताना रेवतीला म्हणाल्या, "ती आंबट बाटली ठिवून जायला सांग आईला." मी बाटली ठेवून आले.

घरी

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. सासूबाईंना काय सांगायचं, याची धास्ती आता सुरू झाली होती. ब्याऐंशीच्या वयात त्यांचा कान तिखट आहे आणि जीभ त्याहून. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा त्या पडवीत बसून सोलं निवडत होत्या.

"रेवती बरी आसा?"

"बरी आसा."

"तिच्याकडे पाणी पियालस नाय मां?"

मी पिशवी खाली ठेवली. "जेवलंय. दोनदा वाढून घेतलंय."

त्यांचा हात थांबला. मी उभीच राहिले, ओरडा खायच्या तयारीने. त्या अंगणाकडे बघत राहिल्या. ज्या वाटेने माझी आई त्या दिवशी परत गेली, ती वाट तिथूनच दिसते. तेव्हाही त्या याच पडवीत बसल्या होत्या.

"मासो खयचो होतो?" त्यांनी विचारलं.

"धरणाचो. कटला."

"मीठ बरा होता?"

"जरा कमी होता."

"तिका सांगलस?"

"नाय."

"बरा केलस," सासूबाई म्हणाल्या, आणि मला बसायला पाट सरकवला.